शुक्रवारची भेळ: विशेष मुलांच्या वर्गात अभ्यास आणि जीवनकौशल्ये एकत्र कशी शिकवावीत

१ ते १०० आकडे न चुकता लिहिणारा मुलगा ‘पाच चमचे आण’ म्हटल्यावर मूठभर चमचे घेऊन येतो. ‘कमळ’, ‘बदक’ घडाघडा वाचणारी मुलगी दारावर ‘महिला’ असे लिहिलेले असूनही शौचालयाबाहेर उभी राहते. विशेष शाळांत हे नेहमी दिसते आणि त्यात मुलांचा काहीही दोष नसतो. अभ्यासाचा तास वेगळा, जीवनकौशल्यांचा वेगळा अशी वाटणी आपण करतो. एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी वापरणे हे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला सर्वांत अवघड जाते, त्यामुळे ही जोडणी शिक्षकालाच आखावी लागते.

पुढची मांडणी साधारण आठ मुले, एक विशेष शिक्षिका आणि एक मदतनीस ताई अशा पुण्यातल्या वर्गासाठी आहे. मुलांचे वय ९ ते १६, सौम्य ते मध्यम बौद्धिक अक्षमता, दोन-तीन स्वमग्न, एखादे सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी) असलेले. सर्वसाधारण शाळेतल्या रिसोर्स रूमलाही यातले बरेचसे लागू पडेल.

आधी पाहा

जूनमध्ये शाळा उघडली की लगेच पाटी-पेन्सिल काढू नये. पहिले दोन आठवडे चार जागी उभे राहून पाहावे: चपला काढायची जागा, डबा खायची जागा, शौचालय आणि फाटक. डब्याचे झाकण कोण उघडते, पोळीचा तुकडा मोडता येतो का, चड्डी वर ओढताना मागची बाजू राहते का, नळ बंद होतो का, हे सगळे तिथे दिसते.

तपासणीसाठी छापील सूची वापरावी. बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी ही सूची पूर्वप्राथमिक ते पूर्वव्यावसायिक अशा पातळ्यांवर बेतलेली आहे. एमडीपीएस (मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रामिंग सिस्टीम) या दुसऱ्या सूचीत १८ क्षेत्रे आणि ३६० बाबी आहेत. दोन्ही उपयोगी आहेत, पण ‘येते’ किंवा ‘येत नाही’ एवढ्या खुणेवर थांबले तर सूची आंधळी ठरते. मूल किती मदतीने करते हे प्रत्येक बाबीसमोर लिहावे. त्यासाठी पाच अक्षरे पुरतात: ‘स्व’ म्हणजे स्वतः, ‘खू’ म्हणजे खुणेने, ‘बो’ म्हणजे बोलून सांगितल्यावर, ‘दा’ म्हणजे करून दाखवल्यावर, ‘हा’ म्हणजे हात धरून. वर्षभराची प्रगती याच अक्षरांत मोजली जाणार आहे.

पालकांना ‘आंघोळ करता येते का?’ असे विचारू नये. उत्तर ‘हो, करतो की’ असेच येते. त्याऐवजी ‘काल सकाळी उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत काय काय झाले, क्रमाने सांगा,’ असे म्हणावे. मग कळते की पाणी आई काढते, साबण आजी लावते आणि मुलाच्या वाट्याला फक्त तांब्याने पाणी ओतणे येते.

उद्दिष्ट कसे लिहायचे

तीन महिन्यांसाठी एका मुलाला पाच-सहा उद्दिष्टे पुरेत. पंधरा लिहिली की एकही नीट होत नाही. निवडताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा: हे मुलाने केले नाही तर दुसऱ्या कुणाला त्याच्यासाठी करावे लागेल का? दात घासणे, दप्तर भरणे, नाव-पत्ता सांगणे, पैसे देणे यांचे उत्तर ‘हो’ आहे. ठिपके जोडून बदक काढण्याचे उत्तर ‘नाही’ आहे. बदकाला विरोध नाही, ते चित्रकलेच्या तासाला जरूर काढावे, पण वैयक्तिक आराखड्यातली जागा त्याला देऊ नये.

‘पैशांची ओळख होईल’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते पुरे झाले की नाही हे कुणालाच ठरवता येणार नाही. ‘शाळेजवळच्या किराणा दुकानात, ५० रुपयांच्या आतल्या एका वस्तूची किंमत ऐकून, दहाच्या पुरेशा नोटा मोजून देईल, पाचपैकी चार फेऱ्यांत, कुणीही इशारा न देता’ हे उद्दिष्ट आहे. यात जागा आहे, मर्यादा आहे, मदतीची पातळी आहे आणि कधी थांबायचे तेही आहे. पाचपैकी चार म्हणजे ८० टक्के. एफएसीपीतही पुढच्या पातळीवर जाण्यासाठी हाच निकष धरतात.

एक काम, आठ उद्दिष्टे

आठवडाभराचा अभ्यास एका खऱ्या कामाला बांधावा. भेळ हे त्यासाठी उत्तम काम आहे. आदल्या दिवशी बटाटे उकडले की विस्तव लागत नाही, चव सगळ्यांना ओळखीची असते आणि यादी, भाव, माप, क्रम, वाटणी, स्वच्छता हे सगळे तिच्यात आपोआप येते.

सोमवारी यादी करावी. कुरमुरे, शेव, कांदा, टोमॅटो, बटाटा, कोथिंबीर, लिंबू, चटणी अशा चित्र-शब्दांच्या पट्ट्या फळ्यावर लावाव्यात. मुलांनी कपाटातले डबे उघडून पाहावे आणि पट्टी ‘आहे’ किंवा ‘नाही’ या रकान्यात सरकवावी. यादी फळ्यावरून उतरवून घेण्यात काही अर्थ नाही. जे संपले आहे ते आणायचे, हा विचार व्हायला हवा, म्हणून एखादा डबा मुद्दाम रिकामा ठेवावा. मंगळवारी भाव आणि पैसे. बुधवारी खरेदी, पण एका वेळी दोन किंवा तीनच मुले. आठही मुले निघाली की तिची सहल होते आणि कुणीही काही विकत घेत नाही. उरलेली मुले ताईंबरोबर डबे पुसणे, ताटल्या मोजणे ही कामे करतात. पुढच्या बुधवारी पाळी बदलते. गुरुवारी कापण्याचा सराव मऊ काकडीवर करावा आणि बटाटे उकडून ठेवावेत. शुक्रवारी भेळ.

एका मुलाचे माप असे: कुरमुरे १ वाटी, बारीक शेव २ मोठे चमचे, कांदा, टोमॅटो आणि उकडलेला बटाटा प्रत्येकी १ मोठा चमचा, चिंचगुळाची चटणी २ छोटे चमचे, हिरवी चटणी अर्धा छोटा चमचा, वर कोथिंबीर आणि लिंबाचे चार थेंब. आठ जणांना दोन कांदे, दोन टोमॅटो, दोन बटाटे पुरतात. पाव किलो कुरमुऱ्यांत लहान वाटीच्या मापाने दोन-तीन शुक्रवार निघतात. वाटीला आतून-बाहेरून दिसेल अशी लाल चिकटपट्टी लावावी. ‘पट्टीपर्यंत’ हे ‘पाऊण वाटी’पेक्षा फार आधी समजते.

मोठ्या पातेल्यात एकत्र भेळ करू नये. तसे केले की चलाख मूल सगळे करून टाकते आणि बाकीचे ढवळण्याची वाट बघत बसतात. प्रत्येकाचा वेगळा वाडगा, प्रत्येकाने सगळे टप्पे. असे करण्याला आणखी एक कारण आहे. ज्याने चटणी आधी आणि कांदा नंतर घालत वेळ घालवला त्याची भेळ मऊ पडते. क्रम का पाळायचा हे सांगण्यापेक्षा ती मऊ भेळ त्याला चांगले शिकवते. तेव्हा लगेच नवी करून देऊ नये. खाऊ द्यावी आणि पुढच्या शुक्रवारी टप्प्यांची चित्रपट्टी दाखवावी.

पाटाखाली ओले फडके घातले की पाट सरकत नाही. सुरी लहान आणि दातेरी घ्यावी. गुळगुळीत पात्याची सुरी टोमॅटोवरून घसरते, मूल जोर वाढवते आणि बोट कापते. कांदा ताईंनी अर्धा करून सपाट बाजू खाली ठेवून द्यावा. कोथिंबीर कात्रीने कापावी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या मुलाला कुरमुरे आणि शेंगदाणे देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. त्याच्यासाठी पातळ पोहे दह्यात पूर्ण भिजवून, तीच यादी आणि तेच टप्पे ठेवावेत. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का हे पहिल्याच आठवड्यात पालकांकडून लेखी घ्यावे. फरसाणात शेंगदाणे असतात हे लक्षात राहत नाही.

आता याच भेळेत एका मुलाचे उद्दिष्ट ‘पट्टीपर्यंत भरून थांबणे’ असेल, दुसरीचे ‘सहा शब्द चित्राविना वाचणे’, तिसऱ्याचे ‘एकाला दोन चमचे, तर आठांना किती’, चौथ्याचे ‘आणखी हवे असेल तर चित्राकडे बोट दाखवणे’. शिकवताना प्रत्येकाचे उद्दिष्ट शिक्षिकेच्या टिपणात वेगळे हवे. ते नसेल तर शुक्रवारी खाऊ होतो, शिक्षण होत नाही.

टप्पे पाडणे

कुठलेही काम शिकवण्याआधी ते स्वतः उलट्या हाताने करून पाहावे. उजव्या हाताला सवय झालेली असते, त्यामुळे मधले टप्पे दिसेनासे होतात. डावा हात ते दाखवून देतो. हात धुण्याचे दहा टप्पे पडतात: नळ उघडणे, हात ओले करणे, साबण घेणे, साबण परत ठेवणे, तळवे चोळणे, हातांची मागची बाजू, बोटांच्या फटी, फेस धुणे, नळ बंद करणे, पुसणे. चोळण्याचे तीन टप्पे मिळून वीस सेकंद व्हायला हवेत. तेवढ्या लांबीच्या एखाद्या बालगीताच्या ओळी ठरवून घ्याव्यात आणि कायम त्याच म्हणाव्यात.

हात धुण्यासारखी कामे पहिल्या टप्प्यापासून शिकवता येतात. कपड्यांची कामे मात्र शेवटून शिकवावीत. शर्टाचे बटण काजातून अर्धे बाहेर काढून द्यायचे आणि मुलाने फक्त ओढायचे. ते जमले की बटण काजाच्या तोंडाशी आणून सोडायचे, मग त्याच्या हातात द्यायचे. प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून पुरे होते, ‘लागलं!’ हा आनंद त्याचा असतो. पोटाजवळच्या दिसणाऱ्या बटणापासून सुरुवात करावी, गळ्याजवळचे सर्वांत शेवटी. बटणे दोन-अडीच सेंटिमीटरची घ्यावीत. सराव टेबलावर ठेवलेल्या शर्टावर नको: समोर ठेवलेल्या शर्टाची आणि अंगातल्या शर्टाची डावी-उजवी उलट होते आणि शिकलेले वाया जाते. अंगात घालायच्या एप्रनलाच मोठी बटणे शिवून घ्यावीत.

मदत द्यायची आणि काढायची

या सगळ्या कामातला हा सर्वांत नाजूक भाग आहे आणि सर्वाधिक चुका इथेच होतात.

काम अगदी नवे असेल तर सुरुवात जास्त मदतीने करावी, म्हणजे चुकीचा क्रम हातात बसत नाही. हात धरायचा असेल तर मुलाच्या मागे उभे राहावे. समोर उभे राहिले की मूल कामाकडे न बघता आपल्या चेहऱ्याकडे बघते. पहिल्या दिवशी पूर्ण हात, मग मनगट, मग कोपर, मग खांद्याला नुसता स्पर्श, मग फक्त मागे उभे राहणे. काम अर्धेमुर्धे येत असेल तर उलट करावे: आधी काहीच न देता पाच सेकंद थांबावे, मग खूण, मग शब्द, मग करून दाखवणे.

पाच सेकंद मनात मोजून पाहा, फार लांब वाटतात. आपण दुसऱ्याच सेकंदाला ‘हं, आता काय?’ म्हणतो. मुलाच्या दृष्टीने हा शब्द कामाचाच एक टप्पा होऊन बसतो: ‘हं, आता काय?’ ऐकणे हा टप्पा नववा आणि नळ बंद करणे हा दहावा. मग बाई नसतील तर नळ वाहत राहतो. बोलून दिलेली मदत द्यायला सर्वांत सोपी आणि काढायला सर्वांत कठीण असते. म्हणून जिथे बोट, चित्र किंवा स्पर्श चालेल तिथे बोलू नये. ताईंनाही हे समजावून द्यावे. ताईंची माया मोठी असते आणि चपलेचा पट्टा त्या नकळत लावून टाकतात.

नोंदीसाठी एकाच कागदावर डावीकडे टप्पे आणि वर तारखा. रोज प्रत्येक चौकटीत ‘स्व’, ‘खू’, ‘बो’, ‘दा’, ‘हा’ यांपैकी एक अक्षर. काम संपल्या संपल्या भरावे, संध्याकाळी आठवून भरलेला कागद खरा नसतो. आता कागद वाचायचा कसा? सहा-सात दिवस एकाच टप्प्यासमोर ‘स्व’ सोडून तेच अक्षर असेल तर मदत वाढवू नये, टप्पा आणखी तोडावा. ‘नळ बंद करणे’ अडले असेल तर ‘हात नळावर ठेवणे’ आणि ‘फिरवणे’ असे दोन करावेत. दर सोमवारी घसरण दिसत असेल तर शनिवार-रविवारी घरी कुणीतरी ते काम करून देत आहे. सगळेच टप्पे एकदम घसरले तर आधी तब्येत पाहावी: कान दुखणे, बद्धकोष्ठता, फिटच्या औषधात बदल, अपुरी झोप.

मूल ताटली फेकते किंवा टेबलाखाली जाते तेव्हा त्याला त्यातून काय मिळाले ते लिहावे. बहुतेक वेळा काम टळलेले असते. अशा मुलाला ‘थांबू दे’चे कार्ड द्यायला शिकवावे. कार्ड दिले की दोन मिनिटे सुट्टी, पण मग तेच काम, हवे तर एका टप्प्याने कमी. काम पूर्ण रद्द केले की फेकणे पक्के होते.

वाचन

‘याला वाचन जमणार नाही’ हा निर्णय फार लवकर घेतला जातो. उपयोगी शब्द ओळखणे आणि अक्षरे जोडून वाचणे या दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवाव्यात.

पहिले वीसेक शब्द मुलाच्या दिवसातून घ्यावेत: स्वतःचे नाव, आई, बाबा, ताई, पुरुष, महिला, धोका, आत, बाहेर, बंद, औषध, पाणी, दूध, मीठ, साखर, शेव, कांदा, स्वारगेट किंवा घराजवळच्या थांब्याचे नाव. चित्र-शब्द कार्डात एक फसगत असते. मूल चित्र वाचते, शब्दाकडे बघतही नाही. म्हणून एका शब्दाची पाच कार्डे करावीत. पहिल्यात चित्र मोठे, पुढे लहान होत होत पाचव्यात फक्त शब्द. शौचालयांच्या दारांचे फोटो खऱ्या जागांचे काढावेत, बागेतले, मॉलमधले, मेट्रो स्थानकातले, दवाखान्यातले. कुठे ‘महिला’ असते, कुठे ‘स्त्रिया’, कुठे नुसते झग्याचे चित्र. एकाच दारावर शिकलेले मूल दुसऱ्या दारापुढे अडते.

अक्षरांसाठी ‘अ आ इ ई’च्या क्रमाचा आग्रह नको. ग म भ न हा जुना क्रम वळणावर आधारलेला आहे आणि हात न वळणाऱ्या मुलाला तो सोपा जातो. सारखी दिसणारी अक्षरे, घ-ध, ब-व, प-ष, एकाच महिन्यात घेऊ नयेत. एक पक्के झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी दुसरे. ‘ख’ कडे बघून ‘रव’ वाचणारी मुले असतात; त्यांना खालचा जोड वेगळ्या रंगात दाखवावा. ऱ्हस्व इकार हा मोठा अडसर आहे: वेलांटी लिहिली जाते आधी, ऐकू येते नंतर. डावीकडून बोट ठेवत वाचणारे मूल तिथे गोंधळते. काना, मात्रा आणि दीर्घ ईकार पक्के झाल्यावरच ‘कि’ घ्यावा आणि वेलांटी व अक्षर मिळून एकाच चौकटीत छापावे. जोडाक्षरे सर्वांत शेवटी. शब्द हवाच असेल, जसे ‘स्वारगेट’, तर तो अख्खा ओळखायला शिकवावा.

लिहिण्यात नाव, सही आणि दहा आकडी फोन नंबर एवढे आधी. नंबर ५ आणि ५ असा तोडून, रोज एकाच चालीत. ज्याला बोलता येत नाही त्याला गळ्यातले कार्ड काढून दाखवण्याचे टप्पे शिकवावेत. नुसते कार्ड अडकवून उपयोग नाही.

आकडे आणि पैसे

‘मोज’ आणि ‘दे’ ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. आठ बिया मोजणारे मूल ‘आठपैकी पाच दे’ म्हटल्यावर थांबत नाही. म्हणून मोजणीइतकाच थांबण्याचा सराव हवा. अंड्यांच्या ट्रेचे पाच खळगे कापून घ्यावेत. भरले की थांबायचे. मग खळगे काढून टाकावेत.

मराठीत २१ ते ९९ ची नावे मुलांना चकवतात. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल ५२ लिहिते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. विशेष वर्गात मात्र ती पद्धत पायरी म्हणून फार कामी येते. आधी ‘वीस पाच’, लिहिणे पक्के झाले की त्याच्या शेजारी ‘पंचवीस’, कारण भाजीवाली पंचवीसच म्हणणार आहे. ५ आणि 5 दोन्ही अंक शिकवावेत. कॅलेंडरवर, बसवर, मोबाइलवर काय समोर येईल याचा नेम नसतो.

पैसे खरेच वापरावेत, खेळण्यातल्या नोटा नकोत. रंगावरून ओळख पटकन होते: १० ची तपकिरी, २० ची हिरवट पिवळी, ५० ची निळी, १०० ची फिकट जांभळी, २०० ची गडद पिवळी, ५०० ची करडी. जुन्या मालिकेतल्या नोटा आधी बाजूला काढाव्यात. नाणी नंतर आणावीत, कारण १ आणि २ रुपयांची नाणी मोठ्यांनाही चकवतात. २० चे बाराकोनी नाणे मात्र बोटांना लगेच कळते.

सुट्टे पैसे जुळवून देणे बहुतेक मुलांना अनेक वर्षे जमत नाही आणि त्याची गरजही नाही. ‘पुढचा दहा’ शिकवावा. दुकानदार ३४ म्हणाला तर ३० साठी तीन नोटा आणि वरच्यासाठी आणखी एक. ४७ म्हणाला तर चार आणि एक. मुलाला किमतीतला दशकाचा आकडा पकडता आला की काम होते. अडचण बरोबर ४० ला येते, तिथे मूल पाच नोटा देते. हरकत नाही, दुकानदार एक परत देतो. ही चूक सुधारण्यात महिने घालवू नयेत. उरलेले पैसे हातात घेतल्याशिवाय दुकान सोडायचे नाही, हा टप्पा मात्र कधीच गाळू नये.

घरात सगळे व्यवहार मोबाइलवर होत असल्याने मुलाला नोट दिसतच नाही, अशा घरांना आठवड्यातून दोनदा तरी रोखीने खरेदी करायला सांगावे. सोळाच्या पुढच्या मुलांना क्यूआर शिकवायचा असेल तर तीन गोष्टी: रक्कम पाहणे, पैसे गेल्यावर पडदा दुकानदाराला दाखवणे आणि पिन कुणालाही, अगदी ओळखीच्या दादालाही, न सांगणे.

बाहेर पडणे

पीएमपीची बस आधी वर्गात शिकवावी: खुर्च्यांच्या दोन रांगा, मध्ये वाट, एक मूल कंडक्टर. रांगेत चढणे, दांडा धरणे, थांब्याचे नाव सांगणे, तिकीट खिशात ठेवणे, आधीच्या थांब्यावर उठणे. मग खरी बस, पण सकाळच्या गर्दीत नाही, साडेअकराच्या सुमारास. एकच मार्ग निदान सहा फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत शिक्षिका शेजारी, मग मागच्या सीटवर, मग मागच्या दाराशी. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राची) प्रत आणि पालकांचा नंबर कायम एकाच कप्प्यात.

सगळे सुरळीत झाले तेवढेच शिकवले तर मूल एका चुकीत हरवते. म्हणून थांबा मुद्दाम चुकवावा, शिक्षिका बसमध्ये असतानाच. पुढच्या थांब्यावर उतरायचे, तिथेच उभे राहायचे, फोन करायचा किंवा कार्ड गणवेशातल्या माणसाला दाखवायचे, एवढेच. मेट्रोने मंडईला जाणे गर्दी सहन न होणाऱ्या मुलांना सोपे पडते. सरकत्या जिन्याची भीती असेल तर लिफ्ट शिकवावी, भीती घालवण्याचा हट्ट पहिल्या फेरीत नको.

शरीर आणि खासगीपणा

हा विषय टाळला की त्याची किंमत मूल मोजते. मुलींना पाळीची तयारी नऊ-दहाव्या वर्षीच करून द्यावी, पाळी आल्यानंतर नाही. स्त्री-शिक्षिकेने, दार बंद करून, शौचालयातच शिकवावे. पॅडवर लाल रंगाचे थेंब टाकून बदलण्याचा सराव दर महिन्याला सलग तीन दिवस: पॅड काढणे, कागदात गुंडाळणे, डब्यात टाकणे, नवे पॅड चिकटवणे, हात धुणे. पॅडच्या जागेची आखणी निकरवर मार्करने करून दिली तर ते तिरके बसत नाही. चिकट बाजू वर येण्याची चूक जवळजवळ सगळ्याच करतात. तो टप्पा करून दाखवावा. पॅड लागल्यावर खाज किंवा चिकटपणा सहन न होणाऱ्या स्वमग्न मुलींना ते कोरडे असताना रोज दहा-दहा मिनिटे घालायची सवय आधी लावावी.

मुलग्यांना चेन शौचालयाच्या आतच उघडायची हे लहानपणीच शिकवावे. सहा वर्षांच्या मुलाचे चालून जाते, सोळा वर्षांच्या मुलाला लोक मारतात. अवयवांची नावे नीट सांगावीत, म्हणजे काही झाले तर मुलाला ते सांगता येईल. कपडे बदलताना ‘मी मदत करू?’ असे प्रत्येक वेळी विचारावे. ज्याचे अंग कुणीही न विचारता हाताळते, त्याला ‘नको’ म्हणायचे असते हे कधी कळणार?

घर, सण आणि पुढची बाई

घरी एका वेळी एकच उद्दिष्ट पाठवावे आणि वहीत एकच प्रश्न: ‘आज नळ त्याने बंद केला का?’ शाळेत साबणाची वडी आणि फिरवायचा नळ, घरी पंपाचा साबण आणि दांडीचा नळ, असे असेल तर शिकलेले घरी पोहोचत नाही. दोन्ही प्रकार शाळेत ठेवावेत.

गणपतीच्या दहा दिवसांत पुण्यातल्या मुलांचे वेळापत्रक पार विस्कटते: रस्ते बंद, झोप कमी, ढोल-ताशा. आठवडाभर आधीपासून चित्रांच्या वेळापत्रकात बदल दाखवावा, आवाज सहन न होणाऱ्या मुलाला कान झाकायच्या हेडफोनची सवय त्याआधीच करावी. त्या काळात नवे उद्दिष्ट सुरू करू नये. जुने टिकवले तरी पुष्कळ झाले. मोदकाच्या सारणाची वाटणी, आरतीला रांगेत उभे राहणे, प्रसाद एकच घेणे यांतही सराव होतोच.

अभ्यासात पुढे जाऊ शकणाऱ्या मुलांसाठी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणाच्या अ, ब, क पातळ्या तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत; पालकांना हे बारा-तेराव्या वर्षीच सांगावे. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा, जवळच्या शाळेत किंवा निवडीच्या विशेष शाळेत, हक्क आहे. प्रवेश नाकारला गेलेल्या पालकांना नेमके हे वाक्य माहीत नसते.

एप्रिलमध्ये पुढच्या वर्गाच्या शिक्षिकेसाठी प्रत्येक मुलाचे एक पान लिहावे. ‘हात धुणे: येते’ असे लिहून तिला काही मिळत नाही. असे लिहावे: ‘दहापैकी नऊ टप्पे स्वतः. नळ बंद करताना थांबतो. बोलू नका, मागे उभे राहून पाच सेकंद थांबा. दांडीच्या नळावर जमते, फिरवायच्या नळावर अजून मनगटाला स्पर्श लागतो. पुसायचा रुमाल डाव्या बाजूला टांगला तर विसरतो, उजवीकडे टांगा.’